कागद नसलेलं घर: कारंजाच्या सावकारांपासून प्रॉपर्टी कार्डापर्यंत

आजचा भाग जरा घरातला आहे. म्हणजे अक्षरशः घरातला. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या घरावर मी सातवीत असताना टिनपत्रे चढले, तिथून ही गोष्ट सुरू होते.

त्याआधी आमचं घर धाब्याचं होतं. तुमच्यापैकी ज्यांनी धाबं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीच्या जाड भिंती, वर लाकडाच्या तुळ्या, त्यावर काड्यांचा थर आणि त्यावर हातभर पांढरी माती. दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची. मे महिन्यात बाहेर पारा चव्वेचाळीसवर असला तरी आजी आत घोंगडीवर निवांत झोपायची. पण एका पावसाळ्यात तुळई खचली आणि बाबा कर्ज मागायला बँकेत गेले. कोणती बँक ते सांगत नाही, कारण तेव्हा कुठेही गेले असते तरी उत्तर बहुतेक तेच मिळालं असतं. साहेबांनी विचारलं, "घराचा कागद?" बाबांनी ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढे केला. साहेब म्हणाले, "ही घरपट्टीची नोंद झाली. मालकीचा पुरावा आणा."

घरी आल्यावर बाबा आजीला म्हणाले, "माय, घर आपलं हाये, पण कागदात ते आपलं नाही." शेवटी आईची पोत गहाण पडली, टिनपत्रे आले आणि त्या उन्हाळ्यापासून आजी दुपारी कडुलिंबाखाली झोपायला लागली.

आता प्रश्न असा, की आपल्या भागात पैसा नव्हता का? होता की! आपल्याच जिल्ह्यातलं कारंजा घ्या. सतराव्या शतकात ही वऱ्हाडातली बडी पेठ होती. इतकी श्रीमंत, की १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटल्यावर त्याच वर्षी शिवाजी महाराजांनी कारंजावर स्वारी केली. उगीच कोणी एवढ्या लांब येत नाही. म्हणजे सावकार होते, व्यापारी होते, पैसा फिरत होता.

पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, कारंजावरून जाणारी. तीच आपली शकुंतला. ही गाडी सरकारी पैशातून नाही, किलिक निक्सन या खासगी ब्रिटिश कंपनीच्या भांडवलातून उभी राहिली. कशासाठी? कापसासाठी. कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे साता समुद्रापार. प्रत्येक गाठीमागे भाडं ठरलेलं. म्हणजे खासगी भांडवल आपल्या दारात शंभर वर्षांपूर्वीच आलं होतं. ते रुळांवर आलं, पण छपरापर्यंत कधी पोहोचलं नाही.

का नाही पोहोचलं? त्यासाठी जमिनीच्या मोजणीकडे बघावं लागतं. विंगेट आणि गोल्डस्मिड या दोन अधिकाऱ्यांनी १८३५च्या सुमारास इंदापूरला शेतांच्या मोजणीची एक पद्धत बसवली. तीच पुढे वऱ्हाडात आली. प्रत्येक शेताला नंबर, नकाशा, आकार. पण ही सगळी खटपट शेतसाऱ्यासाठी होती. गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता, मग ती मोजायची कशाला? त्यामुळे शेताचा कागद तयार झाला, पुढे त्याचा सातबारा झाला आणि घर बहुतेक गावांत तसंच राहिलं. कर्जाचंही तेच. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने विहिरीसाठी, बांधबंदिस्तीसाठी तगाई मिळायची. छपरासाठी नाही.

पण एक मिनिट. कागद नसणं हे नेहमी वाईटच होतं का? इथे गोष्ट दुसरं वळण घेते.

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. तिथून नगरपर्यंत हे लोण गेलं. त्यांनी सावकारांच्या घरातून काय बाहेर काढलं? कर्जरोखे. आणि काय जाळलं? तेच कर्जरोखे. कारण त्या कागदावर एक अंगठा उमटला की जमीन हातची जायची. पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आलं. त्यात शेतकरी आणि मजूर ज्या घरात राहतात, ते साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नाही, असं संरक्षण आहे. मात्र घर स्वतःहून गहाण टाकलं असेल, तर त्या गहाणाच्या वसुलीला हे संरक्षण आडवं येत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

शहरात याच काळात वेगळं घडत होतं. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. लोकांनी भाग घेतले, पैसा एकत्र केला, घरं बांधली. मग १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली. त्याआधी नोकरदार माणूस घर घ्यायचा तो बहुधा निवृत्तीच्या पैशातून. पारेखांचं म्हणणं, घर तरुणपणी मिळावं आणि पैसे हप्त्याने फिटावेत. १९८८ मध्ये नॅशनल हाउसिंग बँक आली आणि गृहकर्ज हा मोठा धंदा झाला. पण या इमारतीचा पाया दोन कागदांवर होता: फ्लॅटचा करार आणि पगाराची स्लिप. आमच्या बाबांकडे दोन्ही नव्हते. त्यांचा पगार म्हणजे सोयाबीन. ते वर्षातून एकदा येतं, दिवाळीच्या आसपास, आणि भाव मिळाला तर. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला.

मग गावासाठी सरकार आलं. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटरचं घर. शिवाय इच्छा असेल तर ७० हजारांपर्यंत बँकेचं कर्ज मिळवून द्यायची तरतूद. गरजेची योजना आहे, माझ्या काकांचं घरकुल त्यातूनच झालं. पण यादी बनताना घरं मोजली गेली ती कच्चं आणि पक्कं अशी. मातीचं धाबं कच्च्यात, सिमेंटचा स्लॅब पक्क्यात. पक्कं म्हणजे टिकाऊ, हे मान्य. पण थंड किती, हे कोणी विचारलं नाही. काकांचा स्लॅब मे महिन्यात रात्री बारापर्यंत आग ओकतो. २०१८ च्या इको निवास संहितेत छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिलेली आहे, पण ती प्रामुख्याने मोठ्या इमारतींसाठी. आमच्या गल्लीत तिचं नावही कोणाला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, मग बँका थंड छतासाठी कर्ज का देत नाहीत? सोलरला तर देतात! बरोबर. २०२४ च्या पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आणि उरलेल्या खर्चासाठी बँकेचं विनातारण कर्ज. यात बँक घर गहाण मागत नाही, कारण वाचलेल्या वीजबिलातून हप्ता फिटू शकतो. जगभर घरं ऊर्जा-बचतीची करायला खासगी पैसा याच हिशोबावर आणतात. आता आमच्या घरात काय आहे? एक पंखा, एक कूलर, चार दिवे. बिलच लहान, तर वाचणार काय? छत थंड झालं तर आजीची झोप वाचेल. पण झोपेची पावती बँकेत चालत नाही. म्हणून मला वाटतं, अशा घरांना खासगी पैसा एकटा येणार नाही. आधी सरकारी पैसा, त्याच्या खांद्यावर बँकेचा पैसा, आणि हप्ता पिकाच्या महिन्यात. एवढं जुळलं तरच.

आता शेवटचा टप्पा. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० ला तो स्वामित्व योजना म्हणून देशभर जाहीर झाला. १८ जानेवारी २०२५ ला तर एका दिवसात ६५ लाखांहून जास्त प्रॉपर्टी कार्डं वाटली गेली. इंग्रजांनी जे मोजायचं सोडलं होतं, ते आपण आता मोजतोय.

आमचंही कार्ड आलं. भाऊ म्हणतो, "बाबा, आता कर्ज काढू, वर नीट छत टाकू." बाबांनी कार्ड ट्रंकेत ठेवलंय, आईच्या पोतीशेजारी. ती सोडवायला आम्हाला चार वर्षं लागली होती, ते विसरले नाहीत. आणि त्यांची भीती खोटी नाही. २००२ चा सरफेसी कायदा आहे. त्यात हप्ते थकले तर बँक कोर्टात खटला न घालता तारण ताब्यात घेऊ शकते. शेतजमिनीला त्यातून सूट आहे. घराला नाही. आणि कलम ६० चं संरक्षण? घर गहाण टाकलं की ते तिथे उपयोगी पडत नाही.

मी दोघांच्या मध्ये बसलोय. कार्ड हवंच, याबद्दल मला शंका नाही. पण सही करण्याआधी आम्ही तीन गोष्टी ठरवल्यात. कार्डावर आईचं नाव लागलंय का ते बघायचं. हप्ता वार्षिक करून मिळतो का ते विचारायचं. आणि घर गहाण न टाकता जेवढं होईल तेवढं आधी करायचं. म्हणून मागच्या एप्रिलमध्ये मी आणि भावाने टिनपत्र्यांवर चुन्याचे दोन हात मारले. आजी आत येऊन बसली, वर बघितलं आणि म्हणाली, "धाब्यासारखं नाही रे, पण बसता येते."

तुमच्या घराचा कागद कुठला आहे? आज जेवताना आजी-आजोबांना विचारा. आणि तो नमुना आठ असेल, तर त्याच्या पुढचा कागद काढायला भूमी अभिलेखच्या कार्यालयात एक चक्कर टाका. भेटू पुढच्या भागात. राम राम!