खिडकीवरचं गोणपाट

रेडीचं दुपारचं ऊन वाळूवरून उठतं, पाण्यावरून परततं आणि डोळ्यांत घुसतं. त्यात रापलेली माणसं बघत मी वाढलो. आमच्या नात्यातला एक मुलगा मात्र दिवसा घराबाहेर पडत नसे. तोंडभर काळे ठिपके, डोळे सदा पाणावलेले. 'नजर लागली,' असं बायका म्हणत. विशी गाठायच्या आतच तो गेला. त्याची तपासणी कधी झाली नाही. पण पुढे एका आजाराविषयी वाचताना मला तोच आठवला.

व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा आणि कापोसी यांनी 1874 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्याला झेरोडर्मा पिगमेंटोसम म्हणतात. कारण कळायला 1968 साल उजाडलं. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनएची शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. जाळं सांधणारा फाटका भाग कापून नवा विणतो, तशी निरोगी पेशी तेवढा तुकडा काढून नवा घालते. या रुग्णांच्या पेशींना तेच जमत नाही, हे कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं. म्हणून त्यांना लहान वयातच कातडीचा कर्करोग होतो.

ही कापाकापी नेमकी कशी चालते, ते अझीझ सांजार यांनी उलगडलं. तुर्कस्तानातल्या सावूर गावी निरक्षर आईबापांच्या पोटी जन्मलेल्या या माणसाला लिंडाल आणि मॉड्रिच यांच्यासोबत 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

केसांची गोष्ट याहून नवलाची. एक्सपीडी या जनुकात एका जागी बिघाड झाला तर हा आजार होतो; दुसऱ्या जागी झाला तर केसांत गंधक कमी पडून ते ठिसूळ होतात, तुटतात, पण कर्करोग वाढत नाही. कारण हे जनुक दुरुस्तीखेरीज इतर जनुकं वाचली जाण्याच्या कामातही लागतं.

आईबाप दोघांकडे सदोष जनुक दडलेलं असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. रक्ताच्या नात्यात लग्न झालं की असे दोघे एकत्र येण्याचा संभव वाढतो. आमच्यात चुलत-मामे भावंडांची लग्नं होतात. मामाची मुलगी करायची चाल हिंदू घरांतही आहे. लग्न ठरवताना हे बोलायला हवं.

आजारावर अजून पक्का इलाज नाही. लहानपणापासून उन्हापासून जपणं, हाच मुख्य उपाय. त्या मुलाच्या आईनं, माझ्या खालानं, खिडकीवर गोणपाट ठोकलं होतं. लोकलाजेनं पोराला लपवते, असं आम्ही समजलो. आज डॉक्टर जे सांगतात, तेच ती करत होती.