शाळेतले शिपाई, क्लार्क, मदतनीस : पगार, प्रशिक्षण आणि पुढची पायरी

शाळा म्हटली की आपण शिक्षकांबद्दल बोलतो. पण घंटा देणारे चाचा, प्रयोगशाळेतला परिचर, ऑफिसातला क्लार्क, खिचडी शिजवणाऱ्या मावशी यांच्याशिवाय शाळा एक दिवस चालत नाही. सरकारी भाषेत यातले बरेचजण 'शिक्षकेतर कर्मचारी'. आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांची चूल या नोकऱ्यांवर पेटते, आणि तरी आपले हक्क काय आहेत हे त्याच घरांत नीट माहीत नसते.

खाजगी शाळांसाठी मूळ कायदा 1977 चा आहे : महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम. त्याची नियमावली 1981 ची. यात 'कर्मचारी' म्हणजे फक्त शिक्षक नव्हे, शिपाईसुद्धा. अल्पसंख्याक संस्थांमध्ये "आम्हाला हा कायदा लागू नाही" असे सांगून लोकांना गप्प बसवले जाते. ते खरे नाही. सूट आहे ती मुख्याध्यापक आणि संस्थेने शिक्षण खात्याला नावे कळवलेल्या जास्तीत जास्त तीन व्यक्तींच्या भरतीपुरती. बाकी सगळ्यांना कायदा लागू आहे.

कामावरून काढले, पद कमी केले किंवा बढतीत डावलले, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांची. "चेअरमनसाहेबांशी बोलतो, बघू" असे म्हणत दोन महिने घालवणारे बरेच असतात, आणि मग उशीर का झाला हेच आधी पटवून द्यावे लागते.

आता पगार. अनुदानित शाळेत मंजूर पदावरच्या शिपायाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 15,000 रुपयांपासून सुरू होते, कनिष्ठ लिपिकाचे 19,900 पासून; वर महागाई भत्ता. मात्र हा पगार नेमणुकीच्या पत्रावर मिळत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते आणि शालार्थ प्रणालीत नाव चढावे लागते. मान्यता नसलेला माणूस वर्षानुवर्षे संस्थेच्या मर्जीवर, हातात मिळेल त्या रकमेवर राबतो. म्हणून नोकरी लागली म्हणून पेढे वाटण्याआधी एवढेच विचारा : पद मंजूर आहे का, आणि मान्यतेचा प्रस्ताव गेला का?

हा प्रश्न आता जास्तच महत्त्वाचा झालाय. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपाईपदे, आत्ताचा माणूस निवृत्त झाला की संपतात. त्याऐवजी शाळेला ठोक 'शिपाई भत्ता' मिळतो. ग्रामीण भागात महिना 5,000 रुपये. म्हणजे त्याच दारावर, तेवढेच तास बसणाऱ्या नव्या माणसाला ना वेतनश्रेणी, ना वेतनवाढ, ना बढतीचा रस्ता. माझ्या मते अलीकडच्या काळात या वर्गाचे सर्वात मोठे नुकसान याच निर्णयाने केले.

पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांची गोष्ट याहून वाईट. केंद्राच्या नियमात त्यांचे मानधन 2009 पासून महिना 1,000 रुपये आहे, तेही वर्षातले 10 महिने. राज्य त्यात भर घालते, पण नाव 'मानधन'च, पगार नाही.

विनाअनुदानित शाळेत वेतनश्रेणीची अंमलबजावणी क्वचित दिसते, पण काही गोष्टी तिथेही चुकत नाहीत. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफ. सलग पाच वर्षे सेवा झाली तर ग्रॅच्युइटी : शेवटचा मासिक पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षे. 9,000 पगारावर आठ वर्षे केलेल्या माणसाचे 41,538 रुपये होतात. "हे घ्या पाच हजार, अल्लाह बरकत देईल" असे म्हणून ही रक्कम बुडवता येत नाही.

बढतीची पायरी मुख्यतः कागदावर अडते. दहावी नसेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, उर्दू माध्यमातूनही. क्लार्कच्या पदासाठी साधारणपणे टायपिंग लागते : मराठी 30, इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट. त्याचे प्रमाणपत्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंग परीक्षा देते. पुढे शिकायचे तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. आणि दरवर्षी ज्येष्ठता यादी बघा, आपले सेवापुस्तक बघा. जन्मतारीख, शैक्षणिक पात्रता, रजा, या नोंदी निवृत्तीच्या तोंडावर दुरुस्त करणे फार जड जाते.

प्रशिक्षणाच्या बाबतीत मात्र जवळपास शुकशुकाट आहे. शिक्षकांना कार्यशाळा, आणि ॲसिडच्या बाटल्या हाताळणाऱ्या परिचराला काहीच नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरचे प्रकरण उघड झाले. आरोप शाळेतल्या कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यावर होता. त्यानंतर सीसीटीव्ही आणि पोलीस पडताळणीची सक्ती आली. ती हवीच होती. पण लहान मुलांशी कसे वागायचे, टॉयलेटजवळ कोणी थांबायचे, मूल काही सांगू लागले तर पुढे काय करायचे, हे शिकवायला कोणी येत नाही. पालकसभेत आपण निकालाबद्दल विचारतो. मुलाला वर्गापर्यंत सोडणाऱ्या मावशी किंवा चाचांची नेमणूक कशी झाली, त्यांना किती पगार मिळतो आणि काय शिकवले गेले, हेही विचारायला हरकत नाही.