दोन सारखे खटके

आज जरा वेगळा विषय. विमानाची चाकं! उडाल्यावर चाकं पोटात ओढून घेणारी विमानं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. काही विमानांत हे काम विजेची मोटर करते आणि वैमानिकासमोर तिचा एक छोटा खटका असतो. त्या खटक्याची ही गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बाँबफेकी विमानांना एक विचित्र दुखणं जडलं होतं. विमान सुखरूप उतरायचं आणि मग धावपट्टीवरच चाकं मिटून पोटावर बसायचं. शेरा ठरलेला, वैमानिकाची चूक! १९४३ च्या सुमारास अल्फोन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटच नीट पाहिलं. चाकांचा खटका आणि पंखांच्या फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी, दिसायला अगदी सारखे. फ्लॅप मिटायला गेलेला दमलेला हात चाकांच्या खटक्यावर पडायचा. सी-४७ विमानात रचना वेगळी, तिथे हा प्रकार नव्हता. मग चॅपानिसने एका खटक्यावर छोटं रबरी चाक आणि दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा बसवला, हाताला न बघता कळावं म्हणून. (निम्मा वर्ग एकच प्रश्न चुकला तर आधी प्रश्नपत्रिका तपासावी, असं मी शिक्षक म्हणून नेहमी मानत आलो.)

एवढं होऊनही बीचक्राफ्टच्या बोनान्झा या छोट्या विमानात हे दोन खटके इतर विमानांच्या उलट जागी राहिले. १९८० साली अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात चौकशी संस्थेने अहवालात थेट रचनेवरच बोट ठेवलं. १९८४ च्या सुमारास जागा बदलल्या.

तुम्ही म्हणाल, जमिनीवर चाकं मिटू नयेत म्हणून काही सोय नव्हती? होती की. चाकाच्या दांड्यावर ‘स्क्वॉट स्विच’ असतो. विमानाच्या वजनाने दांडा दबला की तो मोटरची वीज तोडतो. पण टेकल्या टेकल्या पंख अजून थोडं वजन उचलून धरतात, दांडा पुरता दबत नाही. नेमक्या त्याच क्षणी घाईचा हात! शिवाय बिचारा राहतो चाकापाशी, म्हणजे चिखल, पाणी, धूळ सगळं अंगावर.

जुन्या रचनेची विमानं अजून उडतात. तपासणीच्या वेळी मेकॅनिक विमान जॅकवर उचलतो, चाकं वर-खाली करून बघतो, तो स्विच पुसतो, त्याच्या तारा चाचपतो आणि तो वेळेवर वीज तोडतो ना, याची खात्री करून घेतो.