याद्यांमधील ड्रॅग अँड ड्रॉप

याद्यांमधील ड्रॅग अँड ड्रॉप ही डेस्कटॉप संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये एका यादीतील घटक माऊसने ओढून दुसऱ्या यादीत, किंवा त्याच यादीत दुसऱ्या जागी, सोडण्याची सोय आहे. गाण्यांचा क्रम लावणे, अहवालासाठी रकाने निवडणे, कामे एका गटातून दुसऱ्या गटात हलवणे अशा ठिकाणी ती वापरली जाते. वापरकर्त्याला ही एकच हालचाल वाटते. प्रोग्रामच्या दृष्टीने मात्र तो स्रोत यादी आणि लक्ष्य यादी यांच्यातील व्यवहार असतो. हा व्यवहार अर्धवट राहिल्यास घटक हरवतो किंवा त्याच्या दोन प्रती तयार होतात.

स्वरूप

मायक्रोसॉफ्ट विंडोजमध्ये या सोयीचा पाया ओएलई हे तंत्रज्ञान आहे. त्यात तीन भूमिका असतात: माहिती देणारा स्रोत, माहिती स्वीकारणारे लक्ष्य आणि त्या दोघांमध्ये माहिती वाहून नेणारा डेटा ऑब्जेक्ट. व्यवहाराचा परिणाम प्रत करणे, हलवणे, दुवा जोडणे किंवा काहीही न करणे यांपैकी एक असतो. २००२ साली डॉटनेट फ्रेमवर्कबरोबर आलेल्या विंडोज फॉर्म्सने याच व्यवस्थेला सोपे रूप दिले. पुढील वर्णन मुख्यतः विंडोज फॉर्म्समधील लिस्टबॉक्सला अनुसरून आहे.

ओढण्याची सुरुवात

स्रोत यादी डू-ड्रॅग-ड्रॉप ही पद्धत वापरून ओढणे सुरू करते. घटक सोडला जाईपर्यंत किंवा एस्केप कळ दाबून क्रिया रद्द होईपर्यंत ही पद्धत परत येत नाही. परत येताना ती व्यवहाराचा परिणाम कळवते.

माऊसचे बटण दाबताक्षणी ही पद्धत वापरल्यास साधे क्लिक आणि डबल क्लिक यांत अडथळा येतो. म्हणून बटण दाबल्यावर केवळ ती जागा नोंदवून ठेवतात आणि माऊस ठरावीक अंतर सरकल्यावरच ओढणे सुरू करतात. विंडोजमध्ये हे अंतर मूळ मांडणीनुसार ४ पिक्सेल, तर क्यूटीमध्ये १० पिक्सेल असते. लिस्टव्ह्यू या नियंत्रकात त्यासाठी आयटम-ड्रॅग ही तयार घटना उपलब्ध आहे.

लक्ष्य यादीचे काम

लक्ष्य यादीचा अलाउ-ड्रॉप हा गुणधर्म मुळात बंद असतो. तो चालू करावा लागतो. माऊस यादीवर आल्यावर ड्रॅग-एंटर आणि तेथे फिरत असताना ड्रॅग-ओव्हर या घटना घडतात. त्या वेळी येणारी माहिती अपेक्षित प्रकारची आहे का हे तपासून परिणाम ठरवावा लागतो. तो न ठरवल्यास मनाईचे चिन्ह दिसते आणि ड्रॅग-ड्रॉप ही अखेरची घटना घडतच नाही.

घटनेबरोबर मिळणारे माऊसचे स्थान संपूर्ण पडद्याच्या मापाने असते. ते आधी यादीच्या मापात बदलून मग त्या जागी कोणता घटक आहे हे शोधतात. तेथे घटक नसेल, तर नवा घटक सहसा यादीच्या शेवटी जोडला जातो.

हलवणे आणि काढून टाकणे

घटक हलवताना तो स्रोत यादीतून केव्हा आणि कोणी काढायचा हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. ओढणे सुरू होतानाच तो काढल्यास आणि वापरकर्त्याने क्रिया रद्द केल्यास घटक नाहीसा होतो. कोणीच न काढल्यास तो दोन्ही याद्यांत राहतो. त्यामुळे लक्ष्य यादीने घटक स्वीकारावा आणि परिणाम ‘हलवणे’ असा आला तरच स्रोत यादीने आपला घटक काढावा, अशी कामाची वाटणी केली जाते.

घटक साध्या मजकुराच्या रूपात पाठवल्यास मजकूर स्वीकारणारा अन्य कोणताही प्रोग्राम तो घेऊ शकतो. अशा वेळी ‘हलवणे’ हा परिणाम मिळाल्यास यादीतील नोंद काढली जाते आणि तिचा केवळ मजकूर परक्या दस्तऐवजात उरतो. हे टाळण्यासाठी माहितीला त्या प्रोग्रामपुरते वेगळे प्रकारनाम दिले जाते.

अनुक्रमांकांतील बदल

एकाच यादीत क्रम बदलताना घटक काढल्यावर त्याच्या खालील सर्व घटकांचे अनुक्रमांक एकाने कमी होतात. उदाहरणार्थ, क्रमांक १ चा घटक क्रमांक ४ च्या आधी ठेवायचा असल्यास, तो काढून झाल्यावर घालण्याची जागा ३ होते. ही दुरुस्ती न केल्यास घटक एक जागा खाली जातो. तो वर सरकवताना मात्र या दुरुस्तीची गरज नसते. अनेक घटक एकत्र काढायचे असल्यास शेवटच्या घटकापासून सुरुवात करतात, म्हणजे उरलेले अनुक्रमांक बिघडत नाहीत.

इतर प्रणालींमध्ये

जावाच्या स्विंग ग्रंथालयात आवृत्ती १.४ पासून ट्रान्सफर-हँडलर हा वर्ग उपलब्ध आहे. त्याची एक्सपोर्ट-डन ही पद्धत व्यवहार संपल्यावर चालते. हलवलेला मूळ घटक तेथेच काढला जातो. घटक दोन घटकांच्या मध्ये घालायचा की एखाद्या घटकावर सोडायचा, हे जावा ६ पासून ड्रॉप-मोडद्वारे ठरवता येते. क्यूटीमध्येही ‘हलवणे’ यशस्वी झाल्यानंतरच दृश्य घटक मूळ ओळी काढतो. मांडणी वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे.

सुलभता

ज्यांना माऊसचे बटण दाबून धरणे कठीण जाते किंवा जे केवळ कळफलक वापरतात, त्यांना ही सोय वापरता येत नाही. म्हणून याद्यांच्या मध्ये ‘जोडा’ व ‘काढा’, आणि क्रमासाठी ‘वर’ व ‘खाली’ अशी बटणे दिली जातात. वेबसाठी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या मार्गदर्शक तत्त्वांतही ओढण्याच्या क्रियेला, ती अत्यावश्यक नसल्यास, न ओढता वापरता येणारा पर्याय असावा असा निकष आहे. चुकून भलत्याच जागी सोडलेला घटक परत आणण्यासाठी ‘पूर्ववत करा’ ही आज्ञाही उपयोगी पडते.