अक्षराची उंची आणि भूमीचे प्रमाण : नरखेड तालुक्यातील गावनकाशांच्या संदर्भात

नकाशांच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपले लक्ष प्रायः रेषेकडे जाते. सीमा कोठून गेली, ती कोणी मोजली, कोणत्या साधनाने मोजली, हे प्रश्न आपण विचारतो. परंतु त्या रेषांच्या मध्ये जे आकडे व जी नावे लिहिलेली असतात, त्यांच्या आकाराचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखाचा विषय नकाशाचे हे उपेक्षित अंग होय. नकाशात भूमी प्रमाणानुसार लहान होते. अक्षर मात्र वाचणाऱ्याच्या डोळ्यासाठी असते आणि म्हणून त्याला एका मर्यादेपलीकडे लहान होता येत नाही. या दोन मापांची सांगड हाताने काढलेल्या नकाशात एकदाच व कायमची घातली जात असे. संगणकावर ती प्रत्येक वेळी नव्याने घालावी लागते. या स्थित्यंतराने काय साधले व कोणता धोका निर्माण केला, हे नरखेड तालुक्याच्या उदाहरणावरून येथे पाहावयाचे आहे.

१

नरखेड तालुका नागपूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात आहे. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेश व पश्चिमेस वर्धा नदी असून नदीपलीकडे अमरावती जिल्हा लागतो. पूर्वी हा मुलूख काटोल तहसिलीत मोडत असे. येथे वर्धा नदी केवळ जिल्ह्यांची सीमा नव्हती, ती दोन महसूल पद्धतींचीही सीमा होती. पलीकडे वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. अलीकडे, मध्य प्रांतात, १८६० नंतरच्या पहिल्या बंदोबस्तात मालगुजारांना मालकी हक्क मिळाले. १८९० नंतरच्या दशकात रेजिनाल्ड क्रॅडॉक यांनी नागपूर जिल्ह्याचा पुढील बंदोबस्त केला. मध्य प्रांतातील या काळच्या मोजणीत व्यावसायिक मोजणीदारांनी गावाच्या सीमेचा सांगाडा आखून द्यावा आणि आतील शेते पटवाऱ्याने जरिबेने मोजून भरावीत, अशी पद्धत होती. गावनकाशाचे प्रमाण १ मैलास १६ इंच असे. आजच्या परिभाषेत हे १:३९६० होय.

हे प्रमाण सोयीचे होते. १ इंच म्हणजे ३३० फूट, अर्थात ६६ फुटी साखळीच्या ५ साखळ्या. १ चौरस इंच म्हणजे अडीच एकर. पट्टी व गुणाकार यांवर पटवाऱ्यास क्षेत्राचा पडताळा घेता येई. परंतु याच हिशेबात अक्षराची अडचणही दडलेली आहे. १ एकराचे चौरस शेत या नकाशावर सुमारे १६ मिलिमीटर बाजूचे येते. त्यात तीन आकडी खसरा क्रमांक सहज मावतो. हेच शेत वाटण्या होत होत एकराच्या दशांशावर आले, तर त्याची बाजू जेमतेम ५ मिलिमीटर उरते. अडीच मिलिमीटर उंचीचे तीन आकडे ओळीने लिहिल्यास तेवढीच किंवा त्याहून अधिक जागा व्यापतात.

येथे आणखी एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. वाटणी झाली की ४७ या क्रमांकाचे ४७/१, ४७/२ असे पोटहिस्से होतात. म्हणजे शेत जसजसे लहान होते, तसतसा त्याचा क्रमांक लांबत जातो. जागा कमी व लेखन अधिक, अशी ही कोंडी आहे.

क्रमांकाचे महत्त्व काळाबरोबर वाढतच गेले. तोच नकाशा व हक्कनोंद यांना जोडणारा दुवा होता. ३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रदेशात मालगुजारी हक्क संपुष्टात आले व शेतकऱ्याचा संबंध थेट शासनाशी आला. १९५६ मध्ये नागपूर जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम लागू झाला. कायदे बदलले, नोंदवह्यांची नावे बदलली. तरीही शेतातला तो लहानसा आकडा वाचता आला नाही, तर वरील सर्व नोंदी भूमीपासून तुटतात, ही स्थिती कायम राहिली.

२

हाताने नकाशा काढणाऱ्यांनी ही कोंडी काही ठरीव उपायांनी सोडविली. आकडा शेतात मावत नसेल, तर तो शेजारच्या मोकळ्या जागेत लिहून बाणाने शेत दाखवावे. लांबट शेतात आकडा शेताच्या दिशेने आडवा किंवा उभा करावा. पोटहिस्से फार झाले, तर त्यांचा मोठ्या प्रमाणावरील नकाशा स्वतंत्र काढावा. नकाशा लहान करून छापावयाचा असेल, तर मूळ प्रतीत अक्षरे आधीच मोठी काढावीत.

अक्षर लहान करण्याचा मार्ग मात्र फार दूर नेत नाही, कारण शाई पसरते. देवनागरी अंकांत २ व ३ यांतील भेद एका वळणाचा आहे. १ व ९ ही अंकांची जोडीही लहान आकारात फसवी ठरते. अभियांत्रिकी आरेखनात पुढे रूढ झालेल्या मानकांनी अक्षराची उंची २.५, ३.५, ५, ७, १० मिलिमीटर अशा श्रेणीत बांधून दिली. या श्रेणीतील प्रत्येक पायरी मागील पायरीच्या सुमारे १.४ पट आहे. कागदाचा आकार दुप्पट झाला, की त्याची बाजू नेमकी याच पटीत वाढते. या मानकांतील एका प्रकारात लेखणीची जाडी उंचीच्या दशांश धरली आहे. अडीच मिलिमीटर अक्षरास पाव मिलिमीटरची लेखणी, असा हा हिशेब होय.

या सर्व व्यवस्थेत अक्षर, रेषा व प्रमाण ही तिन्ही एकाच कागदावर परस्परांशी बांधलेली होती. नकाशा छायाचित्राने दुप्पट केला, तर अक्षरही दुप्पट होई व रेषाही दुप्पट जाड होई. पाहणाऱ्याला तत्क्षणी कळे की ही मोठी केलेली प्रत आहे. म्हणून अक्षराची उंची ही मूळ प्रमाणाची साक्ष होती, असे म्हणावयास हरकत नाही.

३

संगणकाने ही गाठ सोडविली. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत सादर केलेल्या स्केचपॅड या प्रणालीपासून पडद्यावरील आरेखनाचा इतिहास सामान्यतः मोजला जातो. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले व वैयक्तिक संगणकावर हे काम होऊ लागले. या प्रणालीत वस्तू तिच्या खऱ्या मापाने काढतात. १०० मीटरचा धुरा १०० एककांचाच काढावयाचा आणि प्रमाणाचा प्रश्न छपाईच्या वेळी सोडवावयाचा, ही तिची मूळ कल्पना आहे.

अक्षराला मात्र खरे माप नसते. कागदावर अडीच मिलिमीटरचे अक्षर हवे असेल, तर १:५०० साठी ते आरेखनात १.२५ मीटर उंचीचे, १:१००० साठी अडीच मीटर उंचीचे आणि १:३९६० साठी ९.९ मीटर उंचीचे घालावे लागते. ९.९ मीटरचे अक्षर १:५०० वर छापल्यास ते जवळजवळ २ सेंटिमीटर उंच येते व घरेच्या घरे झाकून टाकते. उलट १.२५ मीटरचे अक्षर १:४००० वर छापल्यास ०.३ मिलिमीटरचा ठिपका उरतो.

या अडचणीवर तीन टप्प्यांनी उपाय निघाले. प्रथम आरेखक हाताने गुणाकार करीत व प्रत्येक प्रमाणासाठी अक्षरांचा निराळा थर ठेवीत. एका थरातील आकडा सुधारला व दुसऱ्यातील राहून गेला, ही या पद्धतीतील नेहमीची चूक होती. १९९० मध्ये ऑटोकॅडच्या अकराव्या आवृत्तीत कागदाचा स्वतंत्र अवकाश आला. भूमी एका अवकाशात खऱ्या मापाने व अक्षरे दुसऱ्या अवकाशात कागदाच्या मापाने, अशी विभागणी शक्य झाली. २००७ मध्ये निघालेल्या ‘ऑटोकॅड २००८’ या आवृत्तीत अक्षराला कागदावरील उंची एकदाच सांगून ठेवण्याची सोय झाली. छपाईचे प्रमाण बदलले, की अक्षर आपोआप योग्य मापाचे होते.

देवनागरीच्या बाबतीत एक पुरवणी आवश्यक आहे. या प्रणालीत उंची मोजतात ती इंग्रजी मोठ्या अक्षराची. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी व मात्रा, तर खाली उकार येतो. म्हणून तीच उंची दिल्यास गावाचे नाव अधिक जागा घेते, अथवा त्याचा वाचनीय भाग बारीक होतो.

४

तांत्रिक दृष्टीने प्रश्न सुटला. इतिहासाच्या व न्यायाच्या दृष्टीने मात्र तो येथेच सुरू होतो. २००८ मध्ये केंद्र शासनाने भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जुने गावनकाशे संगणकावर उतरविणे हा त्याचा एक भाग होता. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. तीत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे १:५०० प्रमाणाचे नकाशे तयार करतात. सोळा इंची नकाशावर ६ मीटर रुंदीचे घर दीड मिलिमीटरचे येते. साहजिकच गावठाणातील घरे त्यावर क्रमांकासह दाखविणे अशक्य होते. घराघराचा हक्क दाखविणाऱ्या नकाशाचे मोल मोवाडसारख्या गावाला सांगावे लागत नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या पुराने ते गाव उद्ध्वस्त केले व नंतर त्याचे पुनर्वसन करावे लागले.

आता कल्पना करा की गावठाणाचा नवा नकाशा व भोवतालच्या शेतांचा जुना नकाशा एकाच आरेखनात जोडले आणि १:५०० वर छापले. संगणक दोन्हीकडे पाव मिलिमीटरची रेषा काढील व अडीच मिलिमीटरचे सुबक क्रमांक घालील. परंतु जुन्या नकाशावरील पाव मिलिमीटरची रेषाच भूमीवर जवळजवळ १ मीटर रुंद आहे. कागदाचे आकुंचन व जरिबेची चूक ही त्याशिवाय वेगळीच. ती रेषा प्रामाणिकपणे मोठी केली असती, तर १:५०० वर ती सुमारे २ मिलिमीटर जाड दिसली असती. नव्या छपाईत तीच रेषा साडेबारा सेंटिमीटरची अचूकता असल्याचा आव आणते.

संत्र्याच्या बागायतीत हा भेद क्षुल्लक नाही. १०० मीटर लांबीच्या धुऱ्यावर १ मीटरचा फरक म्हणजे १ आर, सुमारे १ गुंठा भूमी. धुऱ्याला लागून लावलेली झाडांची ओळ कोणाची, हा वाद त्या पट्टीतच असतो. अशा वेळी दोन्ही पक्ष हातात सारखाच नीटनेटका कागद घेऊन उभे राहतात, आणि त्या कागदाला जे सांगता येत नाही, ते तो सांगतो असे सर्वांना वाटते.

५

यावरून अक्षराचे स्वयंचलित मापन सदोष आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. वाचता येणारा क्रमांक ही शेतकऱ्याची पहिली गरज आहे व ती या साधनाने भागते. दोष आहे तो मूळ प्रमाणाची साक्ष पुसली जाण्यात. पूर्वी ही साक्ष अक्षराच्या आकारात आपोआप टिकत असे. आता ती हेतुपूर्वक टिकविली पाहिजे.

त्यासाठी काही साधे नियम पुरेसे आहेत. संगणकावर उतरविलेल्या प्रत्येक सीमारेषेस तिच्या मूळ नकाशाचे प्रमाण व मोजणीचे वर्ष कायमचे जोडलेले असावे. मूळ प्रमाणाहून मोठ्या प्रमाणावर छापलेल्या प्रतीवर ते ठळक अक्षरांत नमूद व्हावे. अशा प्रतीत जुनी रेषा तिच्या खऱ्या जाडीने, पट्टीच्या रूपात, दाखवावी. अक्षराची उंची संगणकाने खुशाल ठरवावी. रेषेची जाडी मात्र मोजणीने ठरवावी.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांवरही यातून एक जबाबदारी येते. बंदोबस्तकालीन नकाशांची सूची करताना गाव, वर्ष व क्रमांक यांबरोबर प्रमाण, रेषेची जाडी व अक्षरांची उंची यांचीही नोंद करण्याची प्रथा आपण पाडली पाहिजे. मूळ कागद जीर्ण होत आहेत. ते नाहीसे झाल्यावर पटवाऱ्याच्या मोजणीवर किती विश्वास ठेवावयाचा, हे ठरविण्यास एवढाच पुरावा उरेल.