तटाशिवायचा फोर्ट

गेल्या दिवाळीत सोलापूरहून माझे मामेभाऊ आले होते. परतीची गाडी रात्रीची, दिवस सारा मोकळा. दादा म्हणाले, "जो तो फोर्ट फोर्ट म्हणतो, तो किल्ला तरी दाखव की!"

आता आली का पंचाईत! सबंध मुंबई रोज फोर्टात जाते, पण तट कुणी पाहिलाय? तरी निघालो. बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, बझारगेटच्या गल्लीत शिरलो. अपोलोगेट, चर्चगेट आणि हे बझारगेट असे कोटाला तीन दरवाजे. रात्री ते बंद व्हायचे.

रमतगमत हॉर्निमन सर्कलला पोचलो. तिथे १७१८ सालचे सेंट थॉमसचे देऊळ आहे. चर्चगेटातले चर्च ते हेच. तटही त्याच सुमाराचा. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांचे धाबे दणाणले. आज वसई, उद्या आपण! तटाभोवती खंदक खणायचे ठरले. त्यासाठी इथल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. हे ऐकून दादांची छाती जरा पुढे आली.

दुपारी ओव्हल मैदानावर टेकलो. पोरे क्रिकेट खेळत होती. तोफांच्या माऱ्याला आडोसा नको म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवली होती. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली, त्यानंतर ती आणखी वाढवली. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान हे तिचेच उरलेले तुकडे. तोफांसाठी राखलेली जागा चेंडूफळीच्या कामी आली, असे म्हणा ना!

१८१८ साली पेशवाई बुडाली. मग भ्यायचे कुणाला? खंदकात राहिली ती घाण. गव्हर्नर बार्टल फ्रियर १८६२ साली आले आणि त्यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' निघाले ते १८६३ साली, म्हणजे ऐन त्या धुरळ्यात.

चर्चगेटाच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. तिथे दादा थबकले. शेजारी हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर इथेच गोळ्या झाडल्या गेल्या. मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणला, तो बुजूनही ९० वर्षे होऊन गेली होती. दादांनी चपला काढल्या, हात जोडले. मीही काही बोललो नाही.

दिवेलागणीला स्टेशनाकडे वळलो. सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारात फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. हा किल्ला मागाहून, १७६९ च्या सुमारास, तटाच्या उत्तर टोकाला जोडलेला. दादांनी काळ्या दगडावर हात फिरवला.

"एवढाच?"

"एवढाच."

"मग सकाळीच इथे आणायचंस की रे! स्टेशनाला लागून तर आहे," असे म्हणून त्यांनी पिशवी उचलली.