गळती-दुरुस्तीचा खर्च (निवासी इमारती)

गळती-दुरुस्तीचा खर्च : पावसाचे, नळाचे वा सांडपाण्याचे पाणी मुरल्याने घराचे छत, भिंती, फरशी आणि त्यांतील लोखंड यांची जी हानी होते ती भरून काढण्यास व पाण्याची वाट बंद करण्यास लागणारा खर्च. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मुंबई परिसरातील आरसीसी इमारतींचा विचार केला आहे. डागाच्या आकारावरून खर्चाचा अंदाज बांधता येत नाही. हातभर डागामागे कधी नळाचा एक सांधा असतो, कधी अख्खी गच्ची. पाणी कुठून येते, वाटेत काय भिजवते, किती वर्षे भिजवत आले आहे आणि तिथवर हात पोहोचतो का, यांवर खर्च ठरतो. रंगकामाचा वाटा त्यात थोडा. तरी बहुतेक घरांत दुरुस्तीला सुरुवात होते ती रंगापासूनच.

उगमाचा शोध : बाराही महिने सारखी राहणारी ओल बहुधा दाबाच्या नळाची, आंघोळी-धुण्याच्या वेळी वाढणारी सांडपाण्याच्या सांध्याची आणि पावसाळ्यात येऊन दिवाळीनंतर वाळणारी गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीतील भेगेची असते. हे केवळ ठोकताळे. स्लॅबच्या पोटात वायरिंगचे पाइप गेलेले असतात. त्यांतून वाहत जाऊन पाणी दुसऱ्याच खोलीत पंख्याच्या हुकापाशी टपकते, आणि पंख्याच्या बरोबर वरची फरशी फोडून काही हाती लागत नाही. संशयित बाथरूमची परीक्षा साधी आहे. नहाणी ट्रॅपचे तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चिंध्यांनी बंद करतात, दोन-तीन इंच पाणी साठवतात, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारतात आणि एक-दोन दिवस खालच्या छतावर लक्ष ठेवतात. पाण्यात रंग मिसळला तर कुणाच्या घरातले पाणी उतरते याबद्दल वाद उरत नाही. गच्चीवर कडेने पाळ घालून हीच चाचणी सहसा 48 तास घेतात. तिला खर्च जवळजवळ नाहीच. ती न घेता काम काढणे हे अंदाजपत्रक फुगण्याचे एक नेहमीचे कारण होय.

सळईचा गंज : खर्चाची उडी होते ती इथे. ताज्या काँक्रीटचा सामू 12 ते 13 च्या दरम्यान असतो व त्या तीव्र अल्कधर्मी वातावरणात सळईवर संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून हा सामू 9 च्या आसपास किंवा त्याखाली आणतो. समुद्रकाठी खाऱ्या हवेतील क्लोराइडही हे कवच भेदते. एवढे झाले की ओल आणि प्राणवायू मिळताच सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. आधी सळईच्या रेषेत केसासारखी चीर, मग फुगवटा आणि शेवटी ढलपा पडून उघडी तांबूस सळई, असा क्रम दिसतो. चिरेवर लांबी भरून रंग दिल्यास आतला गंज थांबत नाही. फक्त तो दिसेनासा होतो.

गंज वरवरचा असेल तर सैल काँक्रीट तोडून सळई घासतात, गंजरोधक लेप देतात आणि पॉलिमर मॉर्टरने भरतात. सळईची जाडी बरीच घटली असेल तर नवी सळई बांधून, तुळईला किंवा खांबाला साचा लावून मायक्रोकाँक्रीटचे जॅकेट चढवावे लागते. स्लॅबचे किंवा तुळईचे काम असले की त्याआधी खाली टेकू उभे राहतात. स्वयंपाकघरात टेकू लागले की कुटुंबाला काही आठवडे दुसरीकडे राहावे लागते. ते भाडे अंदाजपत्रकात सहसा धरलेले नसते.

मोजमाप व निविदा : रंग व गिलावा चौरस फुटावर किंवा ब्रासवर, पॉलिमर मॉर्टर ठरावीक जाडीच्या चौरस फुटावर (जाडी वाढली की दर वेगळा), मायक्रोकाँक्रीट लिटरवर, ग्राउटिंग नोझलच्या नगावर आणि सळई किलोवर मोजतात. निविदेतील परिमाणे मात्र अंदाजी असतात. तपासणी करणारा अभियंता हात पोहोचेल तिथेच हातोडी ठोकून पाहतो. पोकळ भागाचा बद्द आवाज सगळीकडे ऐकू येतो तो परांची चढल्यावर, म्हणजे ठेका दिल्यानंतर. कोणत्या कलमाचे परिमाण वाढणार हे मुरलेल्या ठेकेदाराला आधीच ठाऊक असते. त्या कलमाचा दर तो चढा लावतो आणि उरलेले पडत्या भावाने देतो. परिणामी एकूण बेरजेत सर्वांत स्वस्त ठरलेली निविदा अंतिम बिलात सर्वांत महाग पडू शकते. वार्षिक सभेत बेरीज वाचून दाखवली जाते; कलमवार दर कोणी मागत नाही. नोंदणीकृत ठेकेदाराच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो निविदेच्या आकड्यात धरला आहे की नाही हेही पाहावे लागते.

गच्ची : मुंबईत रूढ असलेली पद्धत ब्रिकबॅट कोब्याची. विटांचे तुकडे उतार साधत रचून त्यांत सिमेंटचा माल भरतात आणि वरचा थर घोटून त्यावर दोरीने चौकोन आखतात, किंवा चायना मोझॅक बसवतात. कोबा तडकला की पाणी विटांमध्ये साठते. पाऊस थांबून आठवडा झाला तरी वरच्या मजल्यावर टपकणे चालू राहते ते यामुळे. सुमारे 10 सेंमी. जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला 200 किग्रॅ.च्या घरात जाते. जुना कोबा न काढता त्यावर नवा घालणे स्वस्त पडते, पण जुन्या स्लॅबवर तो भार दुप्पट होतो; हा मार्ग अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय धरू नये. जुना काढायचा तर तोडणे, गोण्या भरणे, त्या जिन्याने उतरवणे आणि डेब्रिज वाहून नेणे हा वेगळा खर्च येतो. बांधकाम-मलब्याच्या विल्हेवाटीसाठी 2016 पासून केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत. रासायनिक लेप व मेंब्रेन हलके असून लवकर होतात, मात्र वावराच्या गच्चीवर ते लवकर झिजतात. ठेकेदार जी दहा वर्षांची हमी लिहून देतात ती बहुधा लेप पुन्हा लावून देण्यापुरती असते. खालच्या घरातील गिलावा व फर्निचर तिच्यात येत नाही. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी अडकलेली पाने मे महिन्यात काढली असती तर काही गच्च्यांना यातले काहीच लागले नसते.

परांची व हंगाम : बाहेरच्या भिंतीतील एक भेग बुजवायला माल थोडा लागतो, पण सातव्या मजल्यापर्यंत बांबूची परांची बांधण्याचे पैसे पूर्ण द्यावे लागतात. किरकोळ कामासाठी दोरावरून उतरणारे कारागीर स्वस्त पडतात. पृष्ठभाग कोरडा हवा म्हणून कामे ऑक्टोबर ते मे यांदरम्यान चालतात. मे महिन्यात सगळ्यांनाच घाई असते आणि दरही त्याप्रमाणे चढतात.

पुराचे पाणी : पुणे (पानशेत धरण फुटून, 12 जुलै 1961), मुंबई (26 जुलै 2005, सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिमी. पाऊस) आणि चिपळूण (जुलै 2021) येथील पुरांत गाळ व मैलामिश्रित पाणी घरांत शिरले. अशा वेळी साफसफाई, निर्जंतुकीकरण, वायरिंग आणि फुगलेले प्लायवुड यांचा खर्च मूळ बांधकामाच्या दुरुस्तीला मागे टाकतो.

खर्चाची जबाबदारी : सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक बाह्य नळांची गळती आणि गच्चीमुळे वरच्या मजल्यावरील छताचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते; सदनिकेतील शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सदस्याचा. दोन मजल्यांमधील सांधे, विशेषतः खोलगट स्लॅबमध्ये पुरलेले पाइप, यांबाबत मतभेद आहेत. नव्या इमारतीत ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, अशी तरतूद रेरा कायद्यात (2016) आहे. त्यामुळे तारखेसह लेखी तक्रार आणि छायाचित्रे यांना पैशात मोजता येईल असे मोल आहे. 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींची दुरुस्ती म्हाडाचे मंडळ ठरावीक मर्यादेपर्यंत करते.

विमा : 1 एप्रिल 2021 पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत पूर आणि पाण्याच्या टाक्या वा पाइप फुटणे यांचा समावेश आहे. हळूहळू मुरलेली ओल ही झीज समजली जाते व तिची भरपाई सहसा मिळत नाही.

कौलारू व मातीची घरे : कोकणात पावसाळ्यापूर्वी कौले परतून फुटकी बदलतात आणि पावसाच्या दिशेच्या भिंतींना झाप बांधतात; देशावरील धाब्याच्या घरांवर पांढऱ्या मातीचा नवा थर घालतात.